मंगोलियाला पाठवायचा फोटो

फिनलंड गेलं, नॉर्वे गेलं, जपान तर पहिल्याच दिवशी गेलं, आणि धनराज लेनगुरे सरांच्या वाट्याला मंगोलिया आला.

नागपूरच्या एका महाविद्यालयाने अर्थशास्त्राचं चर्चासत्र ठेवलं होतं. विषय होता, पूर्वप्राथमिक शिक्षणावरचा सरकारी खर्च, भारतातला आणि दुसऱ्या एखाद्या देशातला. दुसरा देश ज्याने त्याने निवडायचा आणि जो आधी फोन करेल त्याला तो मिळायचा. सरांनी तिसऱ्या दिवशी फोन केला, कारण पहिले दोन दिवस ते निबंध लिहावा की लिहू नये याचा विचार करत होते.

"सर, आता दोनच उरलेत," संयोजक म्हणाले. "मंगोलिया, आणि एक बेट आहे, त्याचं नाव मला वाचता येत नाही."

वाचता येईल तो देश सरांनी घेतला.

सर सावलीला कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवत आणि तिथून नऊ किलोमीटरवर कोसंबटोल्यात राहत. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकही शोधनिबंध लिहिला नव्हता आणि त्यावाचून कुणाचं काही अडलंही नव्हतं. पण वरच्या पगाराच्या निवडश्रेणीची फाइल चाळताना प्राचार्य म्हणाले होते, "लेनगुरे, यात एखादा निबंध असता तर फाइल जरा भरल्यासारखी वाटली असती." त्या दिवसापासून सरांना फाइल नव्हे, आपण स्वतःच पोकळ असल्यासारखं वाटत होतं.

शेजारी मुखरूभाऊ राहत. रेल्वेतून निवृत्त झालेले असल्यामुळे देशाच्या सगळ्या दिशा आपल्याला ठाऊक आहेत, अशी त्यांची समजूत होती.

"मंगोलिया कुठी आलं जी सर?"

"चीनच्या वर."

"मंग तं थंडी असंल."

"भाऊ, निबंध लिवाचा हाय. जाचं नाई."

"मंग गेल्याबिगर लिवान कसं?"

आपल्याकडे निम्मी वाक्यं 'मंग'ने सुरू होतात, त्यामुळे तो देश गावाच्या जिभेवर लवकर बसला. चार दिवसांत लेनगुरे सर सरकारी खर्चाने मंगोलियाला चालले, ही बातमी वैनगंगा ओलांडून गडचिरोलीकडच्या नातेवाइकांपर्यंत पोचली. सिंदेवाहीहून सासूबाईंनी जावयासाठी लोकरीचा स्वेटर पाठवला. एका दूरच्या साडूने, तिकडे ड्रायव्हर लागतात का, हे विचारायला फोन केला. सरांच्या पत्नी नीलिमाताई सगळ्यांना खरं सांगून थकल्या आणि शेवटी म्हणाल्या, "जाऊनच या एकदाचे. मले तरी फोनापासून सुट्टी भेटंल."

निबंधाचं काम मात्र सुरू झालं होतं. मंगोलियाचा रकाना एका संध्याकाळी भरला. त्या देशाने शिक्षणाच्या पैशातला बऱ्यापैकी वाटा बालवाड्यांकडे वळवलेला दिसत होता, आणि तो शिक्षणाच्या तक्त्यात शिक्षणाच्याच मथळ्याखाली होता. अडलं ते भारताच्या रकान्यात. सहा वर्षांखालचं मूल आपल्याकडे शिक्षण खात्याला माहीतच नसतं. ते अंगणवाडीत असतं आणि अंगणवाडी दुसऱ्या खात्यात असते. तिथे त्याचं शिकणं खिचडी, वजनकाटा आणि लसीकरण यांच्याबरोबर एकाच पातेल्यात शिजत असतं. त्यातली बाराखडी किती आणि खिचडी किती, हे वेगळं कसं काढायचं? अर्थशास्त्रात याला काहीतरी नाव असणार, पण ते सरांना आठवेना.

म्हणून ते गावच्या अंगणवाडीसेविका बुधरीबाई मडावी यांच्याकडे गेले. बुधरीबाई कमी बोलत आणि बोलत तेव्हा समोरच्याला वही मिटावी लागे.

"बाई, दिवसातला किती वेळ शिकवण्यात जाते आन किती खाऊ घालण्यात?"

"घास मोजूनच तं अंक शिकवणं होते सर. थे कसं वेगळं करू?"

सरांनी वही मिटली.

अंगणवाडी नथ्थूच्या छपरीत भरत असे. छपरी म्हणजे घराच्या पुढचा उघडा सोपा. त्याच्या अर्ध्या भागात तेवीस मुलं बसत आणि उरलेल्या अर्ध्यात नथ्थूच्या शेळ्या. मध्ये एक बांबू आडवा बांधला होता. तो शेळ्यांसाठी होता, पण शेळ्या तो मानत नसत. सर रोज या छपरीवरून गाडीने जात आणि रोज हे सगळं पाहत. खोटं कशाला सांगा, त्यात काही पाहण्यासारखं आहे असं त्यांना आजवर वाटलं नव्हतं.

घरी येऊन त्यांनी मंगोलियाच्या शिक्षण मंत्रालयाला, तुमच्याकडे बालवाडी कशी चालते, हे विचारणारा एक ई-मेल लिहिला. उत्तर येईल अशी अपेक्षा नव्हती. आपल्याकडे तालुक्याला लिहिलं तरी येत नाही, हा अनुभव होता. पण चौथ्या दिवशी उत्तर आलं. मंत्रालयाने तो ई-मेल एका बालवाडीच्या बाईंकडे धाडला होता आणि त्या बाईंनी स्वतः लिहिलं होतं. नाव ओयुनचिमेग. त्यांचं इंग्रजी सरांच्या इंग्रजीइतकंच होतं, त्यामुळे दोघांना एकमेकांचं सगळं कळलं.

बाईंची बालवाडी तंबूत होती. पांढरा, गोल, जाड लोकरीचा तंबू. मेंढपाळांची कुटुंबं चारा शोधत जिकडे जातात तिकडे हा तंबू गाडीवर लादून त्यांच्या मागे जातो. फोटोत मधोमध शेगडी होती, भिंतीला रंगीत लाकडी कपाटं होती, आणि लाल गालांची अठरा मुलं ओळीने बसली होती. खाली बाईंनी लिहिलं होतं, 'ही आमची मुलं. तुमची मुलं कशी बसतात? कृपया फोटो पाठवा. आमच्या मुलांना भारत पाहायचा आहे.'

सरांनी लॅपटॉप मिटला. थोड्या वेळाने उघडून पुन्हा पाहिलं. प्रश्न तिथेच होता.

आता ही गोष्ट निबंधाची उरली नव्हती. अठरा मुलं भारताची वाट पाहत होती आणि भारत म्हणजे नथ्थूची छपरी.

"त्यात काय एवढं?" मुखरूभाऊंनी सल्ला दिला. "चंद्रपूरच्या एखाद्या कॉन्व्हेंटचा फोटो धाडा. त्यायले का समजते?"

"भाऊ, थे खोटं होईल."

"मंग छपरीच सजवा. लग्नात आपण का घर दाखवतो का? मंडपच दाखवतो."

हा सल्ला सरांना पटला, हे त्यांनी पुढे कधी कुणाला सांगितलं नाही. रविवारी मंडपवाल्याकडून गुलाबी झालरीचे पडदे आणले. नथ्थूने शेळ्या मागच्या अंगणात नेल्या. कागदी फुलांच्या माळा लागल्या आणि 'सुस्वागतम्'ची पाटी लागली. तेवीस मुलांना तेल लावून, भांग पाडून बसवलं. सरांनी मोबाइल आडवा धरला. बुधरीबाई बाजूला हाताची घडी घालून उभ्या होत्या. ती घडीच सरांना जास्त लागत होती.

फोटो निघाला. घरी जाऊन सरांनी तो मोठा करून पाहिला. उजव्या कोपऱ्यात, पडद्याच्या फटीतून, नथ्थूची काळी शेळी आत आली होती आणि 'सुस्वागतम्'मधला 'सु' चावत होती. राहिलेलं 'स्वागतम्' शुद्ध होतं, व्याकरणाचा काही प्रश्न नव्हता. पण फोटोत सगळी मुलं कॅमेरा सोडून शेळीकडे बघत होती आणि इतकी हसत होती की त्यांच्या मागच्या गुलाबी झालरीचीच लाज वाटावी. सरांनी तो फोटो पाठवला नाही. पुसूनही टाकला नाही.

आठवड्याने ओयुनबाईंचं दुसरं पत्र आलं. 'तुमच्या मुलांना सुट्टी आहे का?'

बावीस वर्षांत सरांना प्राचार्यांनी, लिपिकांनी आणि खुद्द विद्यार्थ्यांनी बरंच काही ऐकवलं होतं, पण इतक्या सभ्यपणे कुणी टोचलं नव्हतं.

ते उठले आणि तालुक्याला, अंगणवाड्यांचा कारभार पाहणाऱ्या कार्यालयात गेले. निदान छपरीचं भाडं किती मिळतं, ते वाढवून एखादी बरी खोली घेता येईल का, एवढंच विचारायचं होतं. तिथे कुलदीप नावाचा बाबू होता. तो स्वभावाने चांगला होता, फक्त रजिस्टरच्या बाहेर यायला तयार नव्हता.

"कोसंबटोला," त्याने बोट फिरवलं. "भाडं नाई."

"नाई कसं?"

"स्वतःची इमारत हाय ना जी. हे पाहा. इमारत, स्वतःची. स्थिती, उत्तम."

सरांनी चष्मा पुसून वाचलं. खरंच 'उत्तम' लिहिलं होतं. सलग नऊ वर्षं, दरवर्षी, एकाच वळणाच्या अक्षरात उत्तम.

"कुठी हाय थे इमारत?"

"गावातच असंल ना सर. गावची हाय थे." कुलदीपने काळजीने सरांकडे पाहिलं. "तुम्ही तिथंच राहता ना?"

नऊ किलोमीटर सर गाडीवरून स्वतःशी बोलत आले. गावात एक सरकारी इमारत आहे, तिची स्थिती उत्तम आहे, आणि जन्मापासून तिथे राहणाऱ्या अर्थशास्त्राच्या माणसाला ती दिसलेली नाही. घरी पोचताच त्यांनी मुखरूभाऊंना विचारलं.

"अंगणवाडीची इमारत?" मुखरूभाऊ डोकं खाजवत म्हणाले. "बोडीजवळचं बारदानाघर, थे का?"

बोडी म्हणजे गावचं लहान तळं, आणि तिच्या काठचं बारदानाघर सगळ्यांना माहीत होतं. धान खरेदीसाठी सोसायटीला येणारी रिकामी पोती, म्हणजे बारदाना, खोली बांधून रंगवली त्याच हंगामापासून तिथे असायचा. बुधरीबाईंना बोलावून तिघं तिकडे गेले. दाराला सोसायटीचं कुलूप होतं. सरांनी किल्लीच्या टोकाने भिंतीवरचा चुना खरवडला. चुन्याखालून आधी हिरवा पंख निघाला, मग लाल चोच, आणि पोपटाखाली एक ते दहा अंक. बुधरीबाईंनी पदराने भिंत पुसली. त्या सहा वर्षांपूर्वी नोकरीत आल्या तेव्हा आधीच्या सेविकेने त्यांना छपरीच सोपवली होती. त्यांनी पोपटावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

"सर," त्या म्हणाल्या, "हे आमचं हाय."

सोसायटीचे अध्यक्ष लटारूभाऊ अत्यंत नम्र गृहस्थ होते. नाही म्हणतानाही ते चहा देत.

"देतो ना खोली. आपलेच लेकरं हायत. पण बारदाना सरकारचा हाय. सरकारी वस्तू हलवाची म्हंजे लेखी लागंल."

लेखी कुणाचं, हे शोधण्यात तीन आठवडे गेले. धान खरेदीच्या कार्यालयाने सांगितलं, की जागा आमची नाही, तेव्हा ती सोडण्याचा आदेश आम्ही देऊ शकत नाही. ग्रामपंचायतीने सांगितलं, की इमारत अंगणवाडीच्या नावावर आहे, तिकडे विचारा. सर पुन्हा कुलदीपसमोर बसले. कुलदीपने सगळं ऐकून घेतलं, रजिस्टर पाहिलं आणि मनापासून दुःखी झाला.

"सर, आमच्या कागदावर तिथं लेकरं बसून हायत. बसलेल्या लेकरायले बसाले जागा द्या, असं पत्र कसं काढाव?"

याला उत्तर कुठल्याही देशाच्या अर्थशास्त्रज्ञाकडे असतं असं वाटत नाही.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत सरांनी विषय मांडला. तक्ता तयार केला होता, दोन देश, दोन रंगांच्या शाई. दर बालकामागचा खर्च म्हणताच मागचे लोक उठायला लागले. तेव्हा सरांनी तक्ता खाली ठेवला आणि तंबूची गोष्ट सांगितली. बाई, मुलं, मेंढ्या, गाडीवर लादलेली शाळा. सुट्टी आहे का, हा प्रश्नही सांगितला. सांगताना त्यांचा आवाज जरा कापरा झाला, पण तो माइकचा दोष समजण्यात आला. उठलेले लोक हळूहळू परत बसले.

मुखरूभाऊंच्या पत्नी रुखमाबाई बायकांच्या बाजूने म्हणाल्या, "तिकडं शाळा लेकराच्या मागं जाते, आन आपली शाळा पोत्यामागं दडून हाय. हे का बरं दिसते का?"

लटारूभाऊ उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "लेखी आणा, त्याच दिवशी खाली करतो." सभा संपली. जिलेबी वाटली गेली. सरांनी आपली जिलेबी मुखरूभाऊंना दिली आणि घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. मंगोलियाला काय कळवायचं, याचा मजकूर ते मनात जुळवत होते. 'आमच्याकडे दीर्घ सुट्टी आहे,' इथपर्यंत आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला नीलिमाताईंनी त्यांना हलवून उठवलं. "चला लवकर. बुधरीबाईनं का केलं पाहा."

बारदानाघराचं दार उघडं होतं. सोसायटीचा माणूस सकाळीच कुलूप काढून पोत्यांची एक खेप घेऊन गेला होता आणि तो परत येईपर्यंत बुधरीबाईंनी काम केलं होतं. आत छतापर्यंत पोत्यांच्या थप्प्या होत्या, आणि त्यांच्यावर, पायऱ्यापायऱ्यांनी, तेवीस मुलं बसली होती. बुधरीबाई दारात उभ्या राहून अंक म्हणवून घेत होत्या. पोत्यांवर बसून दहापर्यंत मोजण्यात मुलांना इतका आनंद झाला होता की ती बाराला पोचली होती आणि थांबायला तयार नव्हती.

लटारूभाऊ धावत आले. ते धावताना गावाने पहिल्यांदाच पाहिलं.

"बाई, हे का करून राह्यल्या?"

"कागदावर लेकरं इथीच बसून हायत म्हणते ऑफिस," बुधरीबाई शांतपणे म्हणाल्या. "मी कागदापरमानं बसवले."

"पण बारदाना मोजून वापस द्याचा हाय मले. लहान लेकरं हायत. एखाद्यानं पोत्यावर काही केलं, तं जिम्मेदारी कोनाची?"

"त्याचं लेखी लागंल का, भाऊ?"

लटारूभाऊ काही बोलणार, एवढ्यात वरच्या थप्पीवरून त्यांचीच नात मोनाली, वय वर्षं चार, हात वर करून म्हणाली, "आबाजी, मले लागली." आणि लगेच, त्याच जागी, तिने जिम्मेदारीचा प्रश्न निकालात काढला.

अकरा वाजता सोसायटीचा ट्रॅक्टर आला. कुठलंही पत्र आलं नाही, कुणाची सही लागली नाही. सोसायटीच्या स्वतःच्या गोदामात अध्यक्षांचं मळणीयंत्र उभं होतं, ते त्यांच्या खळ्यात गेलं आणि त्या जागी बारदाना गेला. अख्खं गाव पोती उचलायला होतं. सरांनी चौथं पोतं उचललं आणि त्यांच्या कमरेत काहीतरी कट्कन् वाजलं. उरलेला दिवस ते दगडावर बसून देखरेख करत होते, आणि ती कुणी मागितली नव्हती. बायकांनी भिंती घासल्या. पोपटाला दोन शेजारी मिळाले, एक मोर आणि एक प्राणी, ज्याबद्दल अजून मतभेद आहेत. नथ्थूने बांबू सोडून आणला आणि दारात झेंड्यासाठी रोवला. संध्याकाळी आपल्या छपरीकडे परत जाताना तो म्हणाला, "आता शेळ्यायले एकटं वाटंल."

फोटो तिसऱ्या दिवशी काढला. पडदे नाहीत, माळा नाहीत. मुलं सारवलेल्या जमिनीवर बसली होती, बुधरीबाई मधोमध, आणि एका टोकाला कमरेला पट्टा बांधलेले लेनगुरे सर, जे हट्टाने फोटोत आले होते. तो फोटो पाठवताना सरांनी शेळीवालाही सोबत जोडला आणि झालं ते सगळं लिहून कळवलं. बारदाना या शब्दासाठी त्यांना दोन परिच्छेद लागले.

उत्तर त्याच संध्याकाळी आलं. ओयुनबाईंनी लिहिलं होतं, की दोन्ही फोटो तंबूत लावले आहेत, मुलांना शेळी फार आवडली, आणि बुधरीबाईंना नमस्कार सांगा. सरांनी ते पत्र बुधरीबाईंना मराठीत वाचून दाखवलं. त्यांनी ते दुसऱ्यांदा वाचायला लावलं.

चर्चासत्र फेब्रुवारीत झालं. फिनलंडवाल्याला वीस मिनिटं मिळाली, जपानवाल्याला वीस, आणि सरांचं नाव जेवणानंतर पुकारलं गेलं तेव्हा संयोजकांनी तीन बोटं दाखवली. सभागृह जेवून सुस्तावलं होतं. सरांनी तक्ता पडद्यावर लावला, त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "आमच्या गावी अंगणवाडीला स्वतःची इमारत असल्याची नऊ वर्षांची नोंद आहे. स्थिती उत्तम. मी ती इमारत शोधायला गेलो." तीन मिनिटांची सव्वीस झाली. कुणी घंटा वाजवली नाही. शेवटी एक निवृत्त अधिकारी उठून उभे राहिले. सरांना वाटलं, आकडे विचारणार.

"अशा 'उत्तम' इमारती तुमच्या भागात आणखी किती आहेत?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही," सर म्हणाले. बावीस वर्षांत व्यासपीठावरून त्यांनी हे दोन शब्द पहिल्यांदाच उच्चारले होते, आणि टाळ्या मात्र त्यांनाच पडल्या. निबंध छापायला घेतला. प्राचार्यांनी फाइल हातात तोलून पाहिली आणि मान हलवली.

त्यानंतरच्या रविवारी सर उशिरापर्यंत अंथरुणात होते. कंबर अजून पूर्ण सरळ झाली नव्हती आणि थोर माणसाने एखादा रविवार लोळायला हरकत नाही, असं त्यांचं मत झालं होतं. नीलिमाताई आत आल्या.

"बाहेर बाया आल्या हायत. अंगणवाडीच्या. दुसऱ्या गावच्या."

"किती?"

"आता सात हायत. आठवी फाटकाजवळ चप्पल काढून राह्यली."

सर खिडकीपाशी गेले. अंगणात बुधरीबाई त्या बायकांमध्ये बसल्या होत्या आणि प्रत्येकीच्या मांडीवर एक रजिस्टर होतं. एक जण सांगत होती, की आमच्या कागदावर तर दोन खोल्या आहेत, आणि एक स्वयंपाकघर.

"चहा ठेव," सर म्हणाले आणि कमरेचा पट्टा शोधायला लागले.